दिंडोशीच्या आडरस्त्यावरचा पांगारा

माघ उतरणीला लागला की दिंडोशीच्या टेकडीचा रंग बदलू लागतो. पावसाळ्यात दाट हिरवी असणारी ही टेकडी आता करडी, तांबूस दिसू लागते. गवत वाळलेले असते, बहुतेक झाडांनी पाने टाकलेली असतात, आणि नेमक्या त्या उजाड उतारावर एखादे झाड पानांवाचून लालभडक फुलून उभे राहते. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा मानलेला असला, तरी मुंबईच्या उपनगरांत त्याची पहिली वर्दी माघ-फाल्गुनातच मिळते. ती वारा देत नाही, थंडीही देत नाही. काटेसावर, पांगारा आणि पळस ही तीन झाडे देतात.

गोरेगाव आणि मालाड यांच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांच्या मधल्या पट्ट्यात दिंडोशी वसली आहे. एका अंगाला मॉल, न्यायालय आणि मेट्रोचे स्थानक; दुसऱ्या अंगाला १९७७ साली उभारलेली आणि आता दादासाहेब फाळके यांचे नाव धारण करणारी चित्रनगरी; त्यापलीकडे आरेची वसाहत आणि सलग पसरलेले जंगल. मध्यमवर्गीयांना परवडणारे घर मिळावे म्हणून मृणाल गोरे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली नागरी निवारा परिषदेची वसाहतही याच भागात आहे. जगातील फार थोड्या महानगरांत रहिवाशाला चहा घेऊन निघाल्यावर अर्ध्या तासात बिबट्याच्या राज्याच्या सीमेवर पोहोचता येते. दिंडोशीकरांना ते सहज साधते. म्हणूनच बहुधा त्याचे अप्रूप त्यांना कमी वाटते.

या भागात राहणाऱ्या एका गृहस्थांना मात्र ते अप्रूप वयाच्या साठीनंतर वाटू लागले. त्यांचे मालाडच्या बाजारात भांड्यांचे दुकान. वडिलांनी तांब्या-पितळेवर सुरू केलेला धंदा त्यांनी स्टीलवर नेला, वाढवला, आणि तीन वर्षांपूर्वी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती देऊन ते गादीवरून उठले. पहिले काही महिने कठीण गेले. सकाळी नऊ वाजता पाय आपोआप दाराकडे वळत आणि जायचे कोठे हे न सुचून थांबत. त्या दिवाळीला मुलीने त्यांना एक मध्यम किमतीचा कॅमेरा आणि लांब पल्ल्याची एक लेन्स भेट दिली. गृहस्थांनी ती वस्तू आधी हिशेबी नजरेने उलटसुलट पाहिली, किंमत विचारली, ती न सांगितल्याबद्दल थोडे रागावले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती गळ्यात अडकवून बाहेर पडले.

छायाचित्रणाचे शिक्षण त्यांना कोणी दिले नव्हते. परंतु उजेड पाहण्याचे शिक्षण त्यांच्याकडे चाळीस वर्षांचे होते. भांड्याचा पत्रा दारात आणून तिरका धरला, की त्यावरून सरकणाऱ्या प्रकाशाच्या रेषेवरून पत्र्याचा पोचा, जाडी आणि पॉलिश कळते. तीच नजर आता पानांवर आणि पिसांवर स्थिरावू लागली. दुपारचे ऊन वरून थापटते, रंग मारते. सकाळचे ऊन बाजूने येते आणि वस्तूला घडण देते, हे त्यांना पुस्तकाशिवाय उमगले. नवकारशीचा नेम घरात पूर्वीपासून होता. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, मुखात काही घालायचे नाही. त्यांच्या लक्षात आले, की कोवळे ऊनही जवळजवळ तेवढाच वेळ कोवळे राहते. नेम आणि छंद एकमेकांच्या आड आले नाहीत. उलट कॅमेरा पिशवीत ठेवायची वेळ आणि चहाची वेळ एकच ठरली.

त्यांची पहिली खरी भ्रमंती घडली ती फिल्मसिटी रस्त्यावर. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संवर्धन शिक्षण केंद्र चित्रनगरीला लागून, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आहे. तेथे आधी नाव नोंदवून जाणकारांबरोबर निसर्गवाटा फिरता येतात. फेब्रुवारीच्या एका रविवारी त्या वाटेवर सगळे थांबले ते एका काटेसावरीपाशी. पन्नास-साठ फुटांचे सरळ खोड, त्यावर शंकूसारखे काटे, फांद्या चहूबाजूंनी आडव्या पसरलेल्या, आणि पान एकही नाही. त्याऐवजी तळहाताएवढी, मांसल पाच पाकळ्यांची लाल फुले. फूल गळून पडते तेव्हा धप्प असा आवाज होतो. त्या प्रत्येक फुलात मधाचा पेला भरलेला असतो, आणि सकाळी त्या पेल्यांवर अक्षरशः गिऱ्हाइकी लागते.

गृहस्थांना ते दृश्य ओळखीचे वाटले. धनत्रयोदशीला दुकानात होते तशीच गर्दी. बुलबुल आत शिरत होते, मैना भांडत होत्या, कोतवाल फांदीच्या टोकावर बसून कोण येते-जाते ते पाहत होता, पोपट मध न पिता फूलच कुरतडत होते. मध्येच गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा आला आणि सारे झाड कलकलले. या भोरड्या म्हणजे पळसमैना, मध्य आशियातील गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यासाठी आपल्याकडे येणाऱ्या. पळस-सावरीचा मध पिऊन त्या एप्रिलपर्यंत परतीला लागतात. प्रत्येक पक्षी मध घेतो आणि कपाळाला परागांचा टिळा लावून दुसऱ्या झाडाकडे जातो. झाड काही फुकट देत नाही, पक्षी काही फुकट नेत नाही. असा चोख व्यवहार पाहून ज्याचे आयुष्य गल्ल्यावर गेले त्याला आनंद न होईल तर नवल.

त्या दिवशी त्यांनी चारशे छायाचित्रे घेतली. घरी संगणकावर पाहिली, तेव्हा त्यांतील तीनशे नव्वद सारखीच होती. दुकानात असा माल भरला असता तर वडिलांनी गादीवरून उठवले असते, असे ते पत्नीला म्हणाले. त्यावर, "अहो, मग मोजून घेत जा की," असे उत्तर आले. तेव्हापासून एका फेरीत पंचवीसच चौकटी टिपायच्या असा नियम त्यांनी घालून घेतला, आणि नियम झाल्याबरोबर पाहण्याचा वेळ वाढला.

दुसरा नियम नातवाच्या प्रश्नातून जन्माला आला. दहा वर्षांचा नातू रविवारी त्यांच्याबरोबर असे, हातात आईचा मोबाइल. "आजोबा, दर वेळी नवीन झाड कशाला? तेच झाड मोठं झालेलं कसं कळणार?" असे त्याने विचारले. मग दिंडोशीतील पाच झाडे निवडण्यात आली. दर वसंतात त्याच झाडाचे, त्याच जागेवर उभे राहून, त्याच वेळी एक पूर्ण छायाचित्र घ्यायचे, बाकीची चौकट पक्ष्यांना आणि फुलांना. जागा विसरू नये म्हणून खुणा ठरल्या: विजेचा खांब, दुकानाची पायरी, रस्त्याकडेचा दगड. जुन्या कोऱ्या रोजमेळाच्या वहीत पाचही झाडांची खाती उघडली गेली.

ही कल्पना त्यांना नवी वाटली, तरी जगात ती फार जुनी आहे. जपानमधील क्योतो येथे चेरीचा बहर कोणत्या दिवशी आला याच्या नोंदी दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशींतून सुमारे बाराशे वर्षे मागेपर्यंत सापडतात. आजचे हवामानशास्त्रज्ञ त्यांवरून पृथ्वीच्या तापण्याचा अंदाज घेतात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा, म्हणजे पहिले फूल, पहिले पान, पहिली कोकिळेची साद, लिहून ठेवण्यास आरंभ केला आणि त्याच्या वंशजांनी ती वही १९५८ पर्यंत चालू ठेवली. पेढी पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घरांना या गोष्टीचे मोल सांगावे लागू नये. एका दिवसाची नोंद म्हणजे चिठोरे. दोनशे वर्षांची नोंद म्हणजे भांडवल.

निवडलेल्या पाच झाडांत एक पिंपळ नागरी निवाऱ्याच्या बाजूचा. फाल्गुनात त्याची जुनी पाने आठ-दहा दिवसांत झडतात आणि तांब्याच्या रंगाची, ओलसर चमकीची नवी पालवी येते. नव्या पानाच्या त्या रंगात वडिलांच्या काळातील दुकान दिसते, असे गृहस्थ म्हणतात. दुसरे एक करंजाचे झाड रिक्षाथांब्यावरचे. त्याच्या कोवळ्या हिरव्या पानांतून सकाळचे ऊन आले की खाली उभ्या असलेल्या रिक्षाचालकांचे चेहरेही क्षणभर हिरवट उजळतात. शहरातील वसंत टिपायचा तर माणसे चौकटीबाहेर काढून चालत नाही, हे येथे कळते. फुलांच्या पाट्या उतरवणारी बाई, दुधाच्या पिशव्यांचे क्रेट ओढणारा मुलगा, मेट्रोच्या जिन्याकडे धावणारी गर्दी, हे सारे त्याच पालवीखालून जाते. मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गिकेचा दिंडोशीतून जाणारा टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला. महामार्गावरून उंच धावणाऱ्या गाडीतून पूर्वेला पाहिले की इमारतींच्या फटींतून टेकडीचे तांबूस तुकडे आणि त्यांतील लाल ठिपके दिसतात.

त्याच मेट्रोने उत्तरेकडे गेले की राष्ट्रीय उद्यान नावाचेच स्थानक आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात मार्चच्या आरंभी कुसुमाच्या झाडांना जी लालबुंद पालवी येते, तिला नवखा माणूस फुले समजतो. प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बेसाल्टात शतकानुशतके खोदली गेलेली ही शंभराहून अधिक बौद्ध लेणी. कृष्णगिरी हे त्यांच्या डोंगराचे जुने नाव. गृहस्थांना तेथे मूर्तींपेक्षा शिलालेखांनी अधिक थांबवले. कल्याण, सोपारा अशा बंदरांच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाच्या नोंदी त्या भिंतींवर कोरलेल्या आहेत: कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी दिली. देणाऱ्याचे गाव, देणाऱ्याचे नाव, दिलेली वस्तू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या जमा-खर्चाची ती वही अजून वाचता येते, आणि त्या पोढ्यांत पावसाचे पाणी अजून साठते. लिहून ठेवलेले उरते, हा धडा त्यांनी तेथून आणला; पण तो पुरता कळायला आणखी एक वर्ष जावे लागले.

आरेच्या वाटेवर दुसरा धडा मिळाला. आरे दूध वसाहत १९४९ साली स्थापन झाली; दारा खुरोडी यांच्या कल्पकतेने मुंबईतील म्हशींचे गोठे येथे एका ठिकाणी आले, आणि त्या कार्यासाठी १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु गोठ्यांच्या आधीपासून येथे वारली पाडे आहेत, आणि पाड्यांत वाघोबाचे स्थान आहे. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध वन्यजीव छायाचित्रण स्पर्धेत शहरी विभागाचा पुरस्कार मुंबईच्या नयन खानोलकर यांना मिळाला, तो याच आरेतील एका चित्रासाठी. रात्रीची अरुंद बोळ, घरांच्या भिंती, आणि त्यांमधून आपल्याच वाटेने चाललेला बिबट्या. त्या एका चौकटीसाठी खानोलकर चार महिने थांबले. फ्लॅशचा उजेड बोळातील नेहमीच्या दिव्यासारखा राहील आणि बिबट्या चौकट व्यापून टाकणार नाही, अशी मांडणी त्यांनी मुद्दाम केली होती. बिबट्याएवढेच महत्त्व त्या बोळाला होते. कारण सांगायचे होते ते दोघांच्या शेजाराविषयी.

गृहस्थांनी हे चित्र अनेकदा पाहिले, दुसऱ्यांना दाखवले. अंधार पडण्यापूर्वी आरेतून परतावे, एकट्याने आडवाटेला जाऊ नये, एवढा व्यावहारिक बोध त्यांनी लगेच घेतला. चौकटीत काय ठेवायचे हा बोध मात्र घेतला नाही.

पाच झाडांतील त्यांचे सर्वांत लाडके होते ते जनरल अरुणकुमार वैद्य मार्गाला मिळणाऱ्या एका आडरस्त्यावरचा पांगारा. झाड देखणे म्हणावे असे नव्हते. एक फांदी वाळलेली, खोड एका बाजूला कललेले, खाली कायम दोन-चार दुचाकी. पण फेब्रुवारीच्या मध्याला त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल चोचींसारख्या फुलांचे घोस येत, आणि त्या वाळलेल्या फांदीवर तांबट बसे. हा चिमणीपेक्षा थोडा मोठा हिरवा पक्षी. कपाळावर आणि छातीवर कुंकवासारखा लाल ठिपका. दिवसभर टुक्‌ टुक्‌ टुक्‌ असा एका लयीत आवाज काढतो, जणू कोणी तांब्यावर हातोडी मारीत आहे. म्हणूनच तो तांबट. गृहस्थांचे लहानपण तांबटांच्या ठोक्यांत गेलेले. तो आवाज दुकानातून हद्दपार झाला त्याला तीस-पस्तीस वर्षे झाली होती, आणि येथे एक पक्षी तोच धंदा चालवीत होता. पहिल्या वसंतात त्यांनी त्याला वाळलेल्या लाकडात गोल भोक कोरताना पाहिले. तांबट घरटे बांधीत नाही, कोरतो. आणि त्याला त्यासाठी मेलेली, मऊ पडलेली फांदीच लागते. आपल्याला जी फांदी निकामी वाटते तेच त्याचे भांडवल. भोकापासून पंधरा पावले दूर राहायचे, पिलांना चारा भरवण्याच्या काळात लेन्स रोखून ताटकळायचे नाही, हे पथ्य त्यांनी काटेकोर पाळले.

दोन वसंत असे गेले. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ते आणि नातू आडरस्त्याच्या वळणावर आले, आणि समोर झाड नव्हते. जमिनीबरोबर कापलेला बुंधा होता, त्यावर कोणी विटांचा ढीग ठेवला होता. पूर्वी झाडामागे दडलेली भिंत आता उघडी पडून पांढरी चमकत होती. बाजूच्या दुकानदाराने सांगितले, पावसाळ्याच्या आधीच तोडले. रीतसर तोडले, नोटीस लागली होती.

नोटीस लागली होती, हे शब्द गृहस्थांच्या डोक्यात राहिले. शहरांतील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. झाड तोडायचे तर परवानगी लागते, आणि नागरिकांच्या हरकती मागवण्यासाठी सूचना लावली जाते. आरेतील झाडांचे प्रकरण साऱ्या देशाने पाहिले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, लोक रस्त्यावर उतरले, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. पण आडरस्त्यावरच्या एकट्या पांगाऱ्यासाठी वृत्तपत्र येत नाही. त्याच्याकडे तो एक कागद असतो, आणि त्या वाटेने जाणारे डोळे असतात.

घरी आल्यावर त्यांनी आधीच्या दोन वसंतांची चित्रे शेजारी शेजारी लावली. दोन्ही त्याच दगडाजवळून घेतलेली असायला हवी होती. पण दुसऱ्या वर्षीच्या चित्रात खांब थोडा सरकलेला दिसत होता. खोडाची बाजू किंचित वेगळी होती. पुष्कळ वेळ पाहिल्यावर त्यांना आठवले. त्या सकाळी खोडावर एक पांढरा कागद चिकटवलेला होता. लाल फुलांच्या चित्रात तो डोळ्यांना खुपत होता. म्हणून स्वतःचा नियम मोडून ते दोन पावले डावीकडे सरकले होते, कागद खोडाआड गेला होता, आणि चित्र स्वच्छ आले होते. त्या चित्राचे घरातल्या सगळ्यांनी कौतुक केले होते. मोठे करून दिवाणखान्यात लावलेलेही तेच होते.

नातवाने आईच्या मोबाइलमधील जुनी चित्रे काढली. मुलाला चौकट निवडण्याचे ज्ञान नव्हते. त्याने समोर दिसले ते सारे टिपले होते: झाड, दुचाकी, कुत्रे, आजोबांची पाठ आणि तो कागद. बोटांनी मोठे केल्यावर त्यावरची अक्षरे वाचता आली. झाडाचा प्रकार लिहिला होता, कारण लिहिले होते, हरकतीची मुदत लिहिली होती. चित्र टिपले त्या दिवशी ती मुदत संपायला चार दिवस शिल्लक होते.

हरकत घेतली असती तर झाड वाचले असते, असे म्हणता येणार नाही. झाड कललेले होते, एक फांदी वाळलेली होती, खालून माणसे जात होती. कापणाऱ्यांची बाजूही असेल. पण चाळीस वर्षे कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही न करणारा, पावतीची मागची बाजूही उलटून पाहणारा व्यापारी आपल्या लाडक्या झाडावरचा कागद न वाचता पुढे गेला होता. आणि नुसता पुढे गेला नव्हता, तो दिसू नये म्हणून सरकला होता. ही रुखरुख त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही. फक्त दिवाणखान्यातील चित्र उतरवले गेले, आणि त्या जागी नातवाचे, थोडे हललेले, कागदासकटचे चित्र लागले.

दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात हौशी छायाचित्रकारांची पहिली पिढी होऊन गेली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात नारायण दाजी लोकांची चित्रे काढीत. त्यानंतरच्या दशकात कोटाचे तट पाडले गेले, खाड्या बुजल्या, शहर ओळखू येईनासे झाले. त्या काळच्या छायाचित्रांत आज आपण सौंदर्य शोधत नाही. रस्त्यावर काय होते, दुकानाच्या फळीवर काय लिहिले होते, माणसाच्या पायांत काय होते, हे शोधतो. त्यांनी निष्काळजीपणे चौकटीत राहू दिले तेच आज मोलाचे ठरले आहे.

दिंडोशीही आज अशाच बदलाच्या उंबरठ्यावर आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या सुमारे पावणेपाच किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणारा हा मार्ग दिंडोशी-फिल्मसिटीच्या बाजूने सुरू होईल आणि पूर्व उपनगरे जवळ आणील. व्यापाऱ्याला या रस्त्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. मुलुंडला माल पाठवायला लागणारा वेळ गृहस्थांनी आयुष्यभर मोजला आहे. रस्ता नको असे ते म्हणत नाहीत. पूर्वेला विक्रोळीजवळ महामार्गाच्या कडेने फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी टॅबेबुया फुलतात. अमेरिका खंडातून आणून लावलेली ही झाडे पाहायला शेकडो लोक गाड्या थांबवतात, आणि रस्त्यालगत फुललेल्या झाडांवर माणसे किती जीव लावतात हे तेथे दिसते. प्रश्न एवढाच, की जे आहे त्याची यादी आधी कोणी केली आहे काय? दुकान दुसऱ्या जागी हलवताना आपण आधी साठा मोजतो. डोंगराचा आणि रस्त्याकडेच्या झाडांचा साठा मोजायला कोणी तरी वही घेऊन उभे राहायला हवे.

म्हणून या वसंतात वहीत पाचांची वीस खाती झाली आहेत. इतरांनाही हे करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साधा मोबाइल पुरतो. झाड कोठे आहे, पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, पालवी केव्हा आली, कोणते पक्षी आले, घरटे किंवा ढोल आहे काय, एवढे लिहावे. छायाचित्र एकाच जागेवरून घ्यावे, पूर्ण झाडाचे घ्यावे, आणि चौकटीत जे खुपते ते काढून टाकू नये. सीझनवॉचसारखे देशव्यापी उपक्रम सामान्य नागरिकांकडून झाडांच्या अशाच नोंदी गोळा करतात. शाळेतील मुलेही त्यांत भाग घेतात.

गृहस्थांच्या वहीत मात्र आणखी एक रकाना आहे, जो कोणत्याही उपक्रमात नसतो. त्याचे शीर्षक आहे 'कागद'. वीसांपैकी एकोणीस झाडांपुढे नातवाच्या वळणदार अक्षरात 'नाही' असे लिहिले आहे. विसावी एक काटेसावर, टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्यावरची. तिच्यापुढे 'आहे' असे लिहिले आहे. तो कागद दोघांनी उभ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मुदत संपायच्या आत एक अर्ज गेला. अर्ज दोन पानी, हिशेबी भाषेतला. सोबत तारखा घातलेली छायाचित्रे, त्यांत झाडावर आलेल्या अकरा जातींच्या पक्ष्यांची नावे, आणि झाड ठेवून कामाची रेषा थोडी सरकवता येईल काय अशी विनंती. पोच घेतली, ती वहीला टाचली.

उत्तर अद्याप आलेले नाही. सकाळी सातच्या सुमारास मात्र त्या सावरीखाली एक वृद्ध गृहस्थ आणि एक मुलगा उभे असलेले दिसतात. मुलगा दगडाची खूण पायाने चाचपून नेमक्या जागी उभा राहतो. वर भोरड्यांची गिऱ्हाइकी चाललेली असते, एखादे फूल धप्प करून खाली येते, आणि कोठल्यातरी दूरच्या वाळक्या फांदीवरून तांबटाची हातोडी सुरू होते.